नाव बदलले आहे

यंदाच्या दिवाळी अंकासाठी संपादकांचा फोन आला तेव्हा त्यांना काय हवंय ते मला लगेच कळलं. "मंगलाताई, इतकी वर्षं पेपरात काढलीत. अधिवेशनातले किस्से असतील, मोठमोठी माणसं भेटली असतील." भेटली असतील, पण दुसऱ्यांना. मी नागपूरच्या एका दैनिकाची रविवार पुरवणी सांभाळायचे. पुरवणीच्या बाईला मंत्री भेटत नाहीत. तिला पाककृती भेटतात, राशिभविष्य भेटतं, आणि पुस्तकं भेटतात. म्हणून मी त्यांना सांगितलं, मी कंसातल्या तीन शब्दांवर लिहीन.

'नाव बदलले आहे.' हे शब्द तुम्ही कितीदा तरी वाचले असतील. अत्याचाराची बातमी असो की कुणाच्या आजाराची, ज्याचं नाव उघड झाल्यानं त्याला त्रास होईल त्याला आम्ही दुसरं नाव देतो आणि पुढे कंसात हे तीन शब्द टाकतो. पद्धत चांगली आहे, तिनं पुष्कळ माणसं वाचवली आहेत. मी मात्र एकदा ती प्रेमकादंबरी वाचणाऱ्या बाईला लावली. तिनं कुणाचं काही बिघडवलं नव्हतं आणि तिच्यावरही काही ओढवलं नव्हतं. ती फक्त वाचत होती.

आधी पुस्तकांचं सांगते. नवं पुस्तक निघालं की प्रकाशक पेपरला परीक्षणासाठी दोन प्रती पाठवतात. आमच्याकडे त्यासाठी एक लोखंडी कपाट होतं. वरच्या खणात चरित्रं, वैचारिक पुस्तकं आणि मोठ्या नावांच्या कादंबऱ्या. मधल्या खणात कवितासंग्रह, कारण कवी स्वतः येऊन आपलं पुस्तक कुठं ठेवलंय ते पाहून जायचे. प्रेमकादंबऱ्या सगळ्यात खाली, जिथं कूलरचं पाणी सांडायचं. त्यांचं परीक्षण होत नसे. फार तर 'साभार पोच' या सदरात बारीक अक्षरात नाव यायचं. पुस्तक मिळालं, आभारी आहोत, विषय संपला. हा नियम कुठंही लिहिलेला नव्हता. मी रुजू झाले तेव्हा जुन्या सहकाऱ्यानं मला कपाट दाखवलं आणि खालच्या खणाकडे पायानं खूण केली. पुढे माझ्या हाताखाली जे जे नवे लोक आले त्यांना मीही तशीच खूण करून दाखवली.

खुनाची कादंबरी आली की आम्ही 'खिळवून ठेवणारी' असं बिनदिक्कत लिहायचो. तिच्यात सहा मुडदे पडले तरी वाचकाच्या मनावर काय परिणाम होईल याची चिंता कुणाला वाटत नसे. पण एखाद्या कादंबरीत दोन माणसं एकमेकांना आवडली आणि शेवटी सुखानं नांदायला लागली, की आमच्या कचेरीला लगेच समाजाची काळजी लागायची. मग विशेषणं ठरलेली: स्वप्नाळू, भाबडी, दुपारचं वाचन. दुपारनं आमचं काय घोडं मारलं होतं, देव जाणे. आणि मथळ्यात 'गुलाबी' हा शब्द हवाच. या विषयावरचा बिनगुलाबी मथळा आमच्या पेपरात मी तरी पाहिला नाही, आणि त्यातले बरेचसे मीच दिले होते.

जरीपटक्याहून एक गृहस्थ यायचे. सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, सफारी घातलेले. प्रेमकादंबऱ्या लिहायचे, पण बायकोच्या नावानं. "माह्या नावानं छापली तर मोहल्ल्यात तोंड दाखवता येईन का जी?" ते विचारायचे. मी म्हटलं, "आणि वहिनींना चालतं?" तर म्हणाले, "तिनं एकही वाचली नाही अजून. म्हणते, तुमाले प्रेमातलं काय कळते?" त्यांना मी दर वेळी चहा दिला आणि त्यांच्या पुस्तकांना दर वेळी पोच दिली. त्यापलीकडे एक ओळ दिली नाही.

आता कबुली देते. खालच्या खणातली ती पुस्तकं मी घरी न्यायचे. डब्याच्या पिशवीत, डब्याच्या खाली. आणि सगळी वाचायचे. रविवारी जेवणं आटोपली की कूलरसमोर सतरंजी टाकून जी बसायचे ती चहाच्या वेळेलाच उठायचे. माझे यजमान बुटीबोरीच्या कारखान्यात होते. रविवारी त्यांना सुट्टी असायची, ते पेपरामागून विचारायचे, "काय, जमलं का लग्न?" मी म्हणायचे, "थांबा, अजून गैरसमज व्हायचाय." घरात ही गोष्ट अशी उघड होती, पण कचेरीत मी जीव गेला तरी बोलले नसते. पुस्तकांचं पान काढणारी बाई हे वाचते हे कळलं असतं, तर वरच्या खणावरचा माझा अधिकार गेला असता असं मला वाटायचं.

तर, निवृत्तीच्या काही वर्षं आधीचा फेब्रुवारी. वर्षातून एकदा, चौदा तारखेच्या आसपास, प्रत्येक पेपराला प्रेमाची आठवण होते. संपादक म्हणाले, "प्रेमकादंबऱ्या वाचणाऱ्या बायकांवर काहीतरी खुसखुशीत करा." मी मनीषनगरला गावंडेकाकांच्या लायब्ररीत गेले. एका दुकानाच्या गाळ्यातली छोटी लायब्ररी, मोबाइलच्या जमान्यातही तग धरून राहिलेली. तिथं मी एक गंमत पाहिली. प्रत्येक कादंबरीच्या एकतिसाव्या पानावर पेन्सिलीच्या बारीक खुणा होत्या: एक टिंब, एक चांदणी, एक झाडाचं पान, एक फुली.

"हे काय, काका?"

"बायांच्या निशाण्या आहेत जी," गावंडेकाका म्हणाले. "पुस्तकं सारखीच दिसतात ना, एकदा वाचलेलं पुन्हा घरी जाते. मग ज्यानं वाचलं त्यानं एकतीस नंबरवर आपली निशाणी करायची. नाव कोणी लिहीत नाही."

"काहून?" मी त्यांच्याच भाषेत विचारलं.

"तुमीच सांगा काहून," काका म्हणाले, आणि पुस्तकावर फडकं मारायला लागले.

पानाची खूण करणारी बाई तेवढ्यात आली. वैशाली भोयर. जवळच्याच शाळेत विज्ञान शिकवायच्या. नाव छापणार नाही असं सांगितल्यावर त्या बोलायला तयार झाल्या. सुरुवातीला जपून, पुस्तकी बोलत होत्या. मग गप्पा रंगल्या तशी भाषा घरची झाली. आधीच्या शाळेत एकदा पर्समध्ये कादंबरी सापडली तर स्टाफरूममध्ये महिनाभर सगळे त्यांना हिरोईन म्हणत होते. तेव्हापासून पुस्तक प्रयोगवह्यांच्या गठ्ठ्यात ठेवायच्या. मी विचारलं, इतकं लपवून वाचण्यासारखं आहे काय त्यात?

त्यांनी हातातलं पुस्तक टेबलावर ठेवलं. मग म्हणाल्या, "दिवसभर पोट्ट्यांचं ऐकून राहिली मी. घरी गेली की सासूबाईंचं, मग ह्यांचं. ह्या पुस्तकात शेवटी त्या बाईचं कोणीतरी ऐकते. पूर्ण ऐकते. मले तेवढंच वाचायचं असते." आणि मग सरळ माझ्याकडे पाहून विचारलं, "तुम्ही वाचता का जी?"

माझ्या पर्समध्ये त्या क्षणी एक कादंबरी होती, अर्ध्यावर आलेली. मी म्हटलं, "कामापुरती चाळते."

लेख मी झक्क लिहिला. झक्क म्हणजे चुरचुरीत. मथळा 'गुलाबी दुपारी'. प्रयोगवह्यांत लपवलेली कादंबरी पहिल्याच परिच्छेदात आली, कारण ती हसू आणणारी होती. त्यांचं ते ऐकण्याबद्दलचं वाक्य शेवटी ठेवलं होतं. पण जागा कमी पडली की आम्ही लेख खालून कापतो, तसं ते कापलं गेलं. कापणारी मीच.

आणि नाव. खोटं नाव द्यायची माझी एक पद्धत होती. हल्ली सहसा कुणाचं नसतं असं जुन्या वळणाचं नाव द्यायचं, म्हणजे ते दुसऱ्या कुणाला लागत नाही. मी लिहिलं, 'मनीषनगरातील एका शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या सुमतीबाई', आणि पुढे कंसात ते तीन शब्द. मग पान सोडलं, म्हणजे छपाईला दिलं, आणि निश्चिंत मनानं घरी गेले.

सोमवारी दुपारी एक बाई माझ्या टेबलासमोर येऊन उभ्या राहिल्या. इस्त्रीची सुती साडी, हातात आमची पुरवणी. "मी सुमती देशकर," त्या म्हणाल्या. "मनीषनगरच्या शाळेत विज्ञान शिकवते."

मी खुर्चीवरून उठलेच.

"तुम्ही नाव बदललंत असं लिहिलंय," सुमतीबाई शांतपणे म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात एक काना-मात्रा इकडची तिकडे होत नव्हती. "बदलून ते माझं केलंत. आज सकाळी नववीच्या वर्गात फळ्यावर हे एवढं मोठं हृदय काढलेलं होतं. त्यात बाण. मी ते पुसलं आणि त्याच फळ्यावर मानवी हृदयाची आकृती काढून चार कप्पे समजावून सांगितले. पण निवृत्तीला सात महिने राहिलेत माझ्या. मला खुलासा हवा. त्या सुमतीबाई मी नव्हे, असा."

मी शंभरदा माफी मागितली आणि खुलासा छापायचं कबूल केलं. संपादकांनीही एका मिनिटात होकार दिला; चार ओळींची चौकट, त्यात काय. चौकट लिहायला बसले आणि हात थांबला. सुमतीबाई जायला निघाल्या होत्या, त्यांना मी थांबवलं. "तुमच्या शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या कितीजणी आहेत हो?"

"दोन," त्या म्हणाल्या. "म्हणजे दुसरी कोण ते मला कालच कळलंय. मी ते कुणाला सांगणार नाही, तो माझा स्वभाव नाही. पण तुमचा खुलासा छापला की मी सांगायची गरजच उरणार नाही." मग दाराशी जाऊन पुन्हा वळल्या. "एक विचारू? हे वाचणं म्हणजे डाग आहे असं तुम्हीच लिहिलंत ना? नाहीतर मला तो धुवून घ्यायला इथं यायची गरजच काय होती?"

नोकरीत माझ्यावर खूप लोक ओरडले. कवी ओरडले, जाहिरात विभाग ओरडला. सुमतीबाई ओरडल्या नाहीत, आणि तेच मला सगळ्यात जास्त लागलं.

पुरवणीची पानं गुरुवारी दुपारी जातात. म्हणजे माझ्या हातात तीन दिवस होते. खुलासा छापला नाही तर सुमतीबाईंची शेवटचे सात महिने थट्टा, छापला तर वैशालीबाई उघड्या पडणार. दोघींनी माझं काहीही वाईट केलेलं नव्हतं. मंगळवारी मी मनीषनगरच्या लायब्ररीत गेले. वैशालीबाई तिथं भेटतील असं वाटलं होतं, पण गावंडेकाकांनी मला बसाही म्हटलं नाही.

"वैशाली मॅडमनं पुस्तकं वापस पाठवली," ते म्हणाले. "नाव कमी करा म्हणे. आठ वर्षं झाली जी येऊन राहिल्या होत्या." मग त्यांनी टेबलावरून एक कादंबरी उचलून माझ्यापुढे धरली. वाचणाऱ्या बायका पुस्तकाला पेपरचं कव्हर घालतात, आत काय आहे ते दिसू नये म्हणून. या कव्हरवर माझाच लेख होता. 'गुलाबी दुपारी' बरोबर पुस्तकाच्या पाठीवर आला होता. "पाहा," काका म्हणाले, "तुमचं लिहिणं पुस्तक झाकाच्या कामी आलं. दुसरं काही कामाचं नाही निघालं त्याच्यात."

मला हसूही आलं आणि रडूही. मी त्याच पावली शाळेच्या फाटकाशी जाऊन उभी राहिले. शाळा सुटली. वैशालीबाई बाहेर आल्या, मला पाहून थबकल्या. मी एका दमात सगळं सांगितलं. सुमतीबाई, खुलासा, दोनच शिक्षिका.

"छापा ना मग," त्या म्हणाल्या. "सुमतीबाईंना काहून त्रास? त्यांनी तर एकही वाचली नाही कधी." मग जराशानं म्हणाल्या, "मॅडम, मी एक वाक्य सांगितलं होतं तुम्हाला. ऐकायचं. बाकी लपवाछपवी सारी छापली, तेवढंच काहून नाही छापलं?"

जागा नव्हती, असं मी म्हणू शकले असते. ते खरंही होतं. पण माझ्या तोंडून दुसरंच निघालं. "मी खोटं बोलले तुमच्याशी. मी पण वाचते. सगळ्या वाचते."

"माहीत आहे मले," वैशालीबाई म्हणाल्या. "तुमच्या पर्समधून कोपरा दिसून राहिला होता पुस्तकाचा. मी वाचलेलं होतं ते." आणि पहिल्यांदाच त्या हसल्या. "शेवट चांगला आहे त्याचा."

फाटकाशी आम्ही बराच वेळ उभ्या होतो. काय करावं ते मला सुचत नव्हतं, त्यांनाच सुचलं. "खुलासा तुम्ही नका लिहू. मी लिहिते," त्या म्हणाल्या आणि रिक्षात बसून निघून गेल्या.

गुरुवारी बारा वाजले तरी पत्र आलं नाही. माझी चौकट तयार होती, तिच्याकडे पाहवत नव्हतं. साडेबाराला त्या स्वतः आल्या, मधल्या सुट्टीत, स्कूटरवरून. प्रयोगवहीचं पान फाडून त्यावर सुवाच्य अक्षरात लिहिलेलं पत्र होतं. ते मला अजून पाठ आहे.

'मागच्या रविवारच्या लेखातल्या विज्ञानाच्या शिक्षिका सुमती देशकर मॅडम नाहीत. ती मी आहे. मी आठ वर्षांपासून प्रेमकादंबऱ्या वाचते. माझे विद्यार्थी विज्ञानात पास होतात. या पुस्तकांत शेवटी बाईचं कोणीतरी पूर्ण ऐकतं, म्हणून मी ती वाचते. हे वाक्य मागच्या वेळी छापायचं राहिलं होतं. कृपया या वेळी कापू नये.' आणि खाली सही: वैशाली भोयर. पुढे कंसात, मोठ्या अक्षरात: नाव बदललेले नाही.

संपादक म्हणाले, "वाचकांच्या पत्रांत घ्या, खाली कुठंतरी." त्यांच्याशी मी आयुष्यात पहिल्यांदा भांडले. पत्र पुस्तकांच्या पानावर सगळ्यात वर गेलं, जिथं मोठ्या नावांची परीक्षणं जात, आणि त्याचा एक शब्द कापला नाही. शेजारी आमची दिलगिरी. दिलगिरीखाली कुणाचं नाव नसतं, ती पेपरची असते. त्या दिवशी त्याचं मला बरं वाटलं, आणि ते बरं वाटलं याची खंत आजही आहे. वैशालीबाईंनी नाव दिलं, मी नाही दिलं.

पत्रानं क्रांती वगैरे झाली नाही. इथल्या स्टाफरूममध्येही काही दिवस हिरोईन चाललं, मुख्याध्यापकांनी बोलावून "गरज होती का?" असं विचारलं. पण मग एका विद्यार्थ्याची आई पालकसभेत त्यांना बाजूला घेऊन म्हणाली, "मॅडम, एखादं चांगलं नाव सांगा ना." आमच्याकडेही पत्रं आली, आणि बहुतेकींनी खाली कंसात 'नाव बदललेले नाही' असंच लिहिलं होतं. मी खालच्या खणातली पुस्तकं वर आणली. निवृत्त होईपर्यंत दर महिन्याला एका प्रेमकादंबरीचं परीक्षण छापलं, चांगलीला चांगली आणि वाईटला वाईट म्हणत. जरीपटक्याच्या त्या गृहस्थांच्या कादंबरीला वाईट म्हटलं. ते पेढे घेऊन आले. "वाचली तर खरी तुमी," म्हणाले.

सुमतीबाईंचं कानावर आलं ते गावंडेकाकांकडून. आपल्यावर नेमका कसला आळ आला होता ते पाहायला म्हणून त्या लायब्ररीत येऊन एक कादंबरी घेऊन गेल्या. चार दिवसांनी परत केली तेव्हा ती पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत लाल पेननं तपासलेली होती. सगळ्यात शेवटी शेरा होता: 'शुद्धलेखन असमाधानकारक. शेवट योग्य.'

निवृत्त झाल्यावर पेपरच्या प्रती बंद झाल्या, तेव्हा मी त्याच लायब्ररीची सभासद झाले. पहिल्या दिवशी एक कादंबरी काढली आणि मुद्दाम एकतिसावं पान उघडलं. चांदणी नव्हती, टिंब नव्हतं. नावं होती. पेन्सिलीतलं झाडाचं पान खोडून तिथं निळ्या शाईत 'वैशाली भोयर'. खाली आणखी पाचसहा, आडनावासकट. आणि कडेला लाल शाईत, जरा अवघडून, 'सु. दे.'

"आता कोणी निशाणी नाही करत जी," गावंडेकाका म्हणाले. या वेळी त्यांनी मला खुर्ची दिली होती, चहाही सांगितला होता. "तुमी हे वाचलेलं आहे का?"

"वाचलंय."

"मग करा सही."

मी पेन काढलं आणि पूर्ण लिहिलं: मंगला पिंपळकर. चाळीस वर्षं वाचत होते, पण प्रेमकादंबरीवर नाव टाकायची ही पहिलीच वेळ. काकांनी चष्मा सावरून ते वाचलं आणि मागच्या रॅककडे हात केला. "आन यातल्या किती वाचल्या मॅडम?"

"सगळ्या," मी म्हटलं, आणि पेन हातात ठेवूनच वरच्या फळीवरचं पहिलं पुस्तक खाली घेतलं.